कलम धरण्याचे पाच दिवस

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला कलमाचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. खुंटावर भरलेली काडी पट्टीने घट्ट बांधली आणि ती हलली नाही, तरच कलम धरते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या छातीवर लावलेल्या त्वचेचेही तसेच आहे.

स्तनाची पुनर्रचना सहसा इम्प्लांटने किंवा पाठीच्या-पोटाच्या रक्तपुरवठा असलेल्या भागाने होते. पण गाठ वाढून बरीच त्वचा काढावी लागली, किंवा स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ नव्याने करायचे असले, तर मांडीची त्वचा लावण्याची वेळ येते. या त्वचेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. मग सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळू लागतात आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत ती धरते. दरम्यान खाली रक्त साचले, जंतुसंसर्ग झाला किंवा त्वचा सरकली, तर ती काळी पडून गळते.

छाती तर श्वासागणिक हलते. म्हणून कडेच्या टाक्यांचे दोरे लांब ठेवतात, त्वचेवर मलमाची जाळी व कापसाची गादी ठेवतात आणि तेच दोरे गादीवर बांधतात. मोठ्या किंवा उंचसखल जागी स्पंज लावून यंत्राने हवा खेचणारे ‘व्हॅक’ ड्रेसिंग उपयोगी पडते. लहान कलमाला मात्र स्वस्त कापूस उत्तम पुरतो.

खरी अडचण वॉर्डाबाहेर सुरू होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, पण खाटांची गर्दी आणि घरची ओढ यांमुळे सुरगाणा-पेठकडची बाई लवकर एसटीत बसते. हात वर करून दांडा धरते, घरी हंडा उचलते. मग गावात कुणीतरी ‘जखम बघू’ म्हणून ड्रेसिंग सोडते आणि त्याबरोबर त्वचाही निघून येते. पुन्हा भूल, पुन्हा जखम. शिवाय पुढची केमोथेरपी किंवा रेडिएशन लांबते.

यावर महागडे यंत्र हा उपाय नव्हे. पहिले ड्रेसिंग उघडेपर्यंत रुग्णाची खाट राखली पाहिजे. ते शक्यच नसेल, तर डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहावे: ड्रेसिंग कोणत्या तारखेला, कुठे आणि कोण उघडणार, तोवर हात किती हलवायचा, आणि ताप, दुर्गंधी, वाढती वेदना किंवा रक्ताने भिजलेली पट्टी दिसली तर तारखेची वाट न पाहता कुणाला फोन करायचा. आशाताईंनाही तेच सांगावे.

शस्त्रक्रिया काही तासांत संपते. तिचे यश पुढच्या पाच दिवसांच्या हाती असते, आणि ते दिवस सांभाळणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे.