विद्यापीठाच्या भिंतीवरचे चित्र कुणाचे?

वसतिगृहाच्या खोल्या जुन्या झाल्या आहेत, नवे विद्यार्थी यायला कां-कूं करतात, तिजोरीत पैसा नाही. तेव्हा संग्रहालयातली तीन चित्रे विकून टाकावीत! अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील व्हॅलपरायझो विद्यापीठाने २०२३ साली असा बेत जाहीर केला आणि तिथल्या कलाजगतात खळबळ उडाली. चित्रे साधीसुधी नव्हती. एक जॉर्जिया ओकीफ या विख्यात चित्रकर्तीचे लाल टेकड्यांचे, दुसरे चाइल्ड हॅसमचे आणि तिसरे फ्रेडरिक चर्चचे. तिघांची मिळून किंमत दोन कोटी डॉलरच्या आसपास येईल, असा अंदाज होता.

विद्यापीठाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. विद्यार्थिसंख्या घटते आहे; मुलांना राहायला धड खोली नसेल तर भिंतीवरच्या कोट्यवधींच्या चित्राचे करायचे काय? शिक्षण हे आमचे मूळ काम, चित्रे काही त्याचा गाभा नव्हेत, असा युक्तिवाद कुलगुरूंनी केला. ज्या अध्यापकाचे नाव त्या संग्रहालयाला दिले आहे, त्या रिचर्ड ब्राउअर यांनी मात्र चित्रे विकणार असाल तर माझे नाव काढून टाका, असे बजावले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ साली विक्रीची परवानगी मिळाली. त्याच वर्षी संग्रहालयाचे दारही बंद झाले.

आपल्याला यातून काय घ्यायचे? सातासमुद्रापलीकडच्या एका लहान विद्यापीठाने काय विकले नि काय राखले, याच्याशी रविवारी सकाळी चहा घेत हे पान वाचणाऱ्या कुटुंबाचा संबंध काय? मला वाटते, संबंध आहे. कारण 'चित्रे शिक्षणाचा गाभा नव्हेत' हे वाक्य आपल्याकडे कुणी उघडपणे उच्चारत नाही इतकेच. वागतो आपण त्याच वाक्याप्रमाणे.

विद्यापीठाला संग्रहालय हवेच कशाला, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन १६८३ साली उघडले, तेव्हा वस्तुसंग्रहाबरोबर त्याच इमारतीत व्याख्यानाची जागा आणि रसायनशाळाही होती. म्हणजे वस्तू पाहायची, तिच्याविषयी ऐकायचे आणि तिची परीक्षा करायची, या तिन्ही गोष्टी एका छपराखाली. विद्यापीठाचे संग्रहालय इतर संग्रहालयांपेक्षा वेगळे ठरते ते इथे. ग्रंथालयात जसा ग्रंथ, प्रयोगशाळेत जसे उपकरण, तसे तिथे चित्र. ते नुसते टांगून ठेवायचे नसते, वापरायचे असते.

हार्वर्ड विद्यापीठाच्या कला संग्रहालयांत अडीच हजारांहून अधिक रंगद्रव्यांचा संग्रह आहे. जुन्या चित्रातला रंग कशापासून केला आणि तो त्या काळी उपलब्ध होता का, हे ताडून पाहायला त्याचा उपयोग होतो. रसायनशास्त्र आणि चित्रकला यांची अशी गाठ विद्यापीठातच सहज पडते. मग एखादा अध्यापक एकाच चित्रासमोर अर्धा तास उभा राहून बोलतो, ऐकायला विद्यार्थ्यांबरोबर गावातले निवृत्त गृहस्थ आणि मुलांना घेऊन आलेली आईही असते. २०२३ पासून हार्वर्डने या संग्रहालयांचा प्रवेश सर्वांनाच मोफत केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संग्रहालयांतही मुख्य दालने पाहायला तिकीट लागत नाही.

ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयाची तऱ्हा तर याहून न्यारी. तिथे १९४० पासून विद्यार्थ्यांना संग्रहालयातली अस्सल चित्रे सत्रापुरती भाड्याने मिळतात. भाडे पाच डॉलर. पिकासोची मुद्राचित्रेसुद्धा मुले आपल्या खोलीत नेऊन लावतात आणि मनाजोगते चित्र मिळावे म्हणून आदल्या रात्रीपासून रांग धरतात. एका ठिकाणी वसतिगृहासाठी चित्र विकायला काढले, दुसऱ्या ठिकाणी चित्रच वसतिगृहात नेऊन लावले. शिक्षण म्हणजे काय, याच्या दोन कल्पना यापेक्षा स्पष्ट कशा दिसणार?

संग्रहालय जिवंत असले की त्याच्या बाजूने बोलणारी माणसेही उभी राहतात. ब्रँडाइस विद्यापीठाने आर्थिक मंदीच्या तडाख्यात, जानेवारी २००९ मध्ये, आपले रोझ कला संग्रहालय बंद करून संग्रह विकण्याचे ठरवले. वॉरहॉल, लिक्टेनस्टाइन, डी कूनिंग अशी नावे त्या संग्रहात होती. विद्यार्थी, अध्यापक, देणगीदार असे सगळेच खवळले. काही हितचिंतक न्यायालयात गेले. अखेर २०११ साली तडजोड झाली, विक्री टळली आणि संग्रहालय आजही उभे आहे. व्हॅलपरायझोतही विरोध झाला, पण तो पुरा पडला नाही. तेव्हा लोकांचे प्रेम हा काही हमखास तोडगा नव्हे. पण प्रेमच नसेल तर लढाई सुरूही होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. राय कृष्णदास यांनी १९२० साली बनारसमध्ये ज्या संग्रहाची मुहूर्तमेढ रोवली आणि ज्याचे अध्यक्षपद रवींद्रनाथ टागोरांनी भूषवले, ते भारत कला भवन १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठात सामील झाले. लघुचित्रे, मूर्ती, वस्त्रे, नाणी अशा लाखाहून अधिक वस्तू तिथे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इतिहासकार द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला मराठ्यांच्या इतिहासाचा संग्रह १९३९ साली आला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या अनेक लंडनला १८८५ च्या आगीत जळून गेल्या. त्याच जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

म्हणजे वारसा आहे, संस्था आहेत. प्रश्न असा, की आपल्या घरातल्या किती जणांनी यांपैकी एका तरी जागी पाऊल टाकले आहे? मुलांना आपण राणीच्या बागेत नेतो, जत्रेत नेतो, मॉलमध्ये तर नेतोच नेतो. विद्यापीठाच्या आवारात मात्र प्रवेशअर्ज भरायचा असेल तरच जातो. आणि गेलो, तर तिथला अनुभव काय? मी जिथे शिकलो तिथे एका दालनाला कायम कुलूप असे आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो शिपाई नेमका रजेवर असे. आत काय आहे हे तीन वर्षांत आम्हाला कळले नाही आणि कुणी विचारलेही नाही. असे दालन उद्या कुणी रिकामे केले, तर तक्रार कोण करणार?

माझ्या मते खरा धोका विक्रीचा नाही, विस्मरणाचा आहे. जो संग्रह कुणी पाहत नाही तो हळूहळू नुसती मालमत्ता होतो, आणि मालमत्तेकडे गरजेच्या वेळी हात जाणारच. प्रदर्शन आणि व्याख्यान ही संग्रहालयाची हौसमौज नव्हे. दरवर्षी त्याच्यावरचा समाजाचा हक्क नव्याने नोंदवण्याची ती रीत आहे.

त्यासाठी हार्वर्डएवढा पैसा लागतो असेही नाही. वर्षातून एक नीट मांडलेले प्रदर्शन, महिन्यातून एका रविवारी उघडे दार, एका वस्तूसमोर उभे राहून मराठीत अर्धा तास बोलणारा एखादा अध्यापक, मुलांच्या उंचीला दिसेल अशी पाटी. एवढे कुठल्याही विद्यापीठाला जमण्यासारखे आहे. पण विद्यापीठे हे आपणहून करतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ती दारे आपण ठोठावली पाहिजेत. आपल्या गावातल्या विद्यापीठात, जुन्या महाविद्यालयात संग्रह आहे का, तो कधी उघडा असतो, पुढचे व्याख्यान केव्हा, हे तीन प्रश्न पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी सतत विचारले, तर किल्ली सापडायला फार दिवस लागणार नाहीत. भिंतीवरचे चित्र कुणाचे, याचे कायद्यातले उत्तर काहीही असो. व्यवहारात ते पाहायला येणाऱ्याचेच असते.