हप्त्याविना दिवाळी

सणासाठी कर्ज काढणं मला पटत नाही. २०२०ची दिवाळी आठवा. मांजलपुरात आमच्या ओळखीतली कितीतरी घरं मकरपुरा जीआयडीसीच्या पगारावर चालणारी, आणि तिथे ओव्हरटाइम बंद, पगारात कपात. कर्जाच्या हप्त्यांची सवलत ३१ ऑगस्टला संपलेली. त्या सहा महिन्यांत व्याज मात्र चढतच राहिलं होतं. तरी 'झीरो टक्के व्याजावर टीव्ही घ्या' असे मेसेज रोज यायचेच! अहो, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलंय. व्याज कुठेतरी असतंच, प्रोसेसिंग फीत नाहीतर न मिळालेल्या डिस्काउंटमध्ये.

आईने सांगून टाकलं, यंदा उधारीचं काही नको. चकल्या, शंकरपाळे घरीच. कंदील मुलांनी पतंगाच्या कागदाचा केला (उत्तरायणाचा उरलेला, बडोद्यात त्याला काय तोटा!). भाऊबीजेला ओवाळणी एकशे एक. ताई जरा कुरकुरली, ते चालायचंच. 'लोक काय म्हणतील' म्हणावं तर शेजारच्या मासीबांनी मठिया-चोळाफळीचं ताट पाठवलं, आमच्या चकल्या मागून नेल्या. टीव्ही कुठला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

जानेवारीत धाकटीच्या शाळेची थकलेली फी भरली, रोख.