साहेब गेले, सेल राहिला

नागपुरातल्या आम्हा धंतोलीकरांना नवे पोलीस आयुक्त आल्याची बातमी कळली की पहिला प्रश्न ठरलेला: 'आता तरी पार्किंगचं काही होईल का?' गल्लोगल्ली दवाखाने, त्यांच्यापुढे गाड्यांच्या दुहेरी रांगा आणि मधे अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स. आम्ही आयुक्ताला जोखतो ते एवढ्यावरच. माझं माप थोडं वेगळं आहे: साहेबांची बदली झाल्यावर मागे काय उरलं?

नागपुरात पोलीस आयुक्तालय आलं १९६५ मध्ये. त्यानंतर कितीतरी साहेब आले नि गेले. मला आठवतात ते डॉ. के. व्यंकटेशम, १९८८च्या आयपीएस तुकडीचे. २०१६ ते २०१८ ते इथे होते आणि २०१७ मध्ये त्यांच्याच काळात घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी भरोसा सेल सुरू झाला. हैदराबादेत याच नावाचं केंद्र आदल्याच वर्षी निघालं होतं. असू दे. चांगल्या गोष्टीची नक्कल करायलाही अक्कल लागते.

सेल नव्हता तेव्हा नवऱ्यानं मारलेली बाई आधी ठाण्यात जायची. तिथे एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद आणि 'घरचं घरीच मिटवा' हा फुकटचा सल्ला. मग तपासणीसाठी मेडिकल रुग्णालय, मग वकिलाचा शोध. पहिल्या दोन पायऱ्यांवरच ती थकायची. सेलनं समुपदेशक, कायद्याची मदत, वैद्यकीय मदत आणि पोलीस एका छताखाली आणले. समुपदेशनाच्या नावाखाली बाईलाच समजावून परत पाठवलं जाण्याचा धोका मला आजही वाटतो. तरी दार एकच झालं, हे थोडं नाही.

व्यंकटेशम पुण्याला आयुक्त म्हणून गेले, तिथेही सेल उघडला. पुढे राज्यात इतरत्रही उघडले.

प्रत्यक्ष कामावरच्या पोलीस अधिकाऱ्यांना एका जागी किमान दोन वर्षं द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सांगितलं. दोन वर्षांत मोहीम निघते. नागपूर पोलिसांचं 'ऑपरेशन थंडर' घ्या, अमली पदार्थांविरुद्धचं. गरजेचंच आहे. पण मोहीम साहेबांच्या नावावर चालते. सेलला मात्र जागा लागते, माणसं लागतात, दरवर्षी पैसा लागतो. यातलं काही आटलं की फक्त पाटी उरते.

म्हणून नव्या साहेबांच्या मुलाखती मी वरवर चाळतो. रात्री अकराला रडत आलेल्या बाईला ठाणे अंमलदार आधी खुर्ची देतो, की आधी हद्द विचारतो, त्याची बातमी मात्र शोधत असतो.

– धंतोलीकर