चिनी शिकाल, पण शिकवाल कुठे?

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, ‘रोकडरहित गाव’ म्हणून देशभर गाजले. या गावातील एखाद्या पदवीधराने चिनी भाषा व साहित्यात एम.ए. करून प्राध्यापक व्हायचे ठरविले, तर त्याच्या वाट्याला काय येईल? प्रश्न कल्पनेतला आहे. उत्तर मात्र तसे नाही.

मुळात त्याला महाराष्ट्र सोडावा लागेल. आपल्याकडे चिनीचे अध्यापन बव्हंशी प्रमाणपत्र आणि पदविकेपाशीच थांबते. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतची वाट दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे किंवा शांतिनिकेतनच्या विश्वभारतीकडे जाते. शांतिनिकेतनात चीना भवन उभे राहिले ते १९३७ साली.

आणि गंमत अशी, की त्याच वर्षी पुण्यात पु. वि. बापट यांचा ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ पालीत हरवलेला ‘विमुत्तिमग्ग’ चिनी अनुवादातून उरला होता. तो वाचण्यासाठी फर्ग्युसन महाविद्यालयातील हा पालीचा अध्यापक चिनी शिकला. पुढच्या पिढीत गोविंद पुरुषोत्तम देशपांडे. मराठी रसिक त्यांना ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार म्हणून ओळखतात, दिल्लीत ते चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. या दोघांची उदाहरणे अभिमानाने दिली जातात, पण नीट पाहावे. बापटांना आसन मिळाले ते पाली व बौद्धविद्येच्या आधाराने, देशपांडे यांना राजकारण व परराष्ट्र धोरणाच्या. केवळ चिनी साहित्यावर प्राध्यापकी हा आपल्याकडे कधीच राजमार्ग नव्हता.

आज तर पायवाटही अरुंद झाली आहे. चिनी विषयात ‘नेट’ परीक्षा होते, म्हणजे पात्रता मिळविता येते. अडते ते पदांपाशी. फ्रेंच-जर्मनला शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील दुसऱ्या भाषेचा जो व्यापक आधार आहे, तो चिनीला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचे नाव होते. गलवाननंतर महिनाभराने, जुलै २०२० मध्ये आलेल्या अंतिम धोरणात जपानी, कोरियन होत्या, चिनी गळाली. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठासह देशातील कन्फ्यूशियस संस्थांचा केंद्राने फेरआढावा घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांतील थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली खरी, पण विमाने सुरू होणे वेगळे आणि विद्यापीठांत पदे मंजूर होणे वेगळे.

शिवाय राज्याच्या अनुदानित महाविद्यालयांत मराठी आणि इतिहासाचेच नेट-सेटधारक तासिका तत्त्वावर वर्षे काढीत आहेत. तेथे चिनीसाठी नवा विभाग कोण मागणार?

दुभाषी वा अनुवादक म्हणून उद्योगांत काम मिळू शकते. अध्यापनच करायचे, तर बापट-देशपांडे यांच्याप्रमाणे चिनीला पाली, इतिहास किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांची जोड हवी. ती जोड शिकण्यासाठीही धसईच्या विद्यार्थ्याला आधी रस्त्याने कल्याण गाठायचे आहे, आणि तेथून पुढे दिल्लीची गाडी.