दोन प्रवेशपत्रे आणि एक घर

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला बहिणीकडे गेलो होतो. जेवणे झाल्यावर भाचीने मोबाईल पुढे केला. जर्मनीतल्या दोन विद्यापीठांनी तिला विद्युत अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश दिला होता: म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ आणि आखेनचे आरडब्ल्यूटीएच. घरातली ही पहिली इंजिनिअर. सगळे खूश होते, भाऊजी मात्र गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "म्युनिकचं नाव मोठं आहे म्हणतात. घर गहाण ठेवू, पण पोरीचं नुकसान नको."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मी, भाची आणि भाऊजी वही घेऊन बसलो. त्या वहीबद्दल आज लिहितो आहे, कारण असे प्रवेशपत्र उद्या तुमच्याही घरी येऊ शकते.

पहिले पान फीचे. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून म्युनिकचे हे विद्यापीठ युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो घेते. चार सत्रांचे १६,००० ते २४,०००. युरोला ९० रुपये धरले तरी साधारण साडेचौदा ते साडेएकवीस लाख. भाचीला आखेनमध्ये जो अभ्यासक्रम मिळाला होता, त्याला शिकवणी शुल्क नव्हते, फक्त दर सत्राचे किरकोळ योगदान. पण इथे सावध राहा. आखेनच्याच इंटरनॅशनल अकॅडमीमार्फत चालणारे काही इंग्रजी मास्टर्स शुल्क घेतात. म्हणून 'जर्मनीत शिक्षण फुकट' या ऐकीव वाक्यावर विसंबू नका, आपल्या अभ्यासक्रमाचे पान उघडून बघा. म्युनिकमध्ये फीमाफी आणि शिष्यवृत्त्याही आहेत. अर्ज जरूर करा, पण हातात पत्र येईपर्यंत ती रक्कम हिशेबात धरू नका.

दुसरे पान राहण्याचे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. भाऊजींना ती फीच वाटली होती. ते पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. आकडा दोन्ही शहरांना सारखाच, घरभाडे मात्र सारखे नाही. म्युनिक हे जर्मनीतले सगळ्यात महागड्या भाड्याचे शहर. तिथे ९९२ युरोंत महिना काढायचा म्हणजे शिकायला गेलेल्या पोरीने पहिल्या आठवड्यापासून काम शोधत फिरायचे. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, पण परीक्षा त्या दिवसांची वजावट देत नाहीत.

तिसरे पान अभ्यासाचे. दोन्ही विद्यापीठांनी आपले मॉड्यूल हँडबुक खुले ठेवले आहे: कोणता विषय सक्तीचा, परीक्षा कोणत्या भाषेत, प्रबंध किती गुणांचा. भाचीने दोन्ही वाचली. तिला वीजवितरणाच्या जाळ्यांवर काम करायचे होते आणि ते दोन्हीकडे चांगले होते. म्युनिकची स्थापना १८६८ ची, आखेनची १८७० ची, आणि दोन्ही संस्था जर्मनीच्या नऊ नामवंत तांत्रिक विद्यापीठांच्या गटात आहेत. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारे १८ महिनेही दोन्हीकडे तेच. मग वीस लाखांचा फरक कशासाठी होता? बराचसा शहरासाठी आणि नावासाठी.

चौथे पान भाऊजींनी स्वतः उघडले: व्याज. ज्यांनी कर्ज काढून मुले शिकवली त्यांना नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. पण ज्या बापाने आयुष्यभर व्याज टाळले, तो पोरीसाठी ते स्वीकारायला तयार होता आणि कोणाला सांगत नव्हता. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याज-अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी अशी मागणी आपण करत राहिलीच पाहिजे. पण तोवर आपली वही आपल्यालाच मांडायची आहे.

भाचीने आखेन निवडले. कोणाला फी परवडत असेल, किंवा त्याचा विषय फक्त म्युनिकलाच नीट शिकवला जात असेल, तर त्याने म्युनिकला जावे. माझे म्हणणे एवढेच की निर्णय चार पाने भरल्यावर व्हावा, चारचौघांत नाव कसे वाटेल यावरून नाही. आणि मुलांनो, मुलींनो, घर गहाण पडणार असेल तर तो हिशेब तुमच्यासमोर व्हायला हवा. अब्बा गप्प असतील तर तुम्ही विचारा.

जे आधीच परदेशात आहेत, त्यांना एक विनंती. गावाकडून अनोळखी पोराचा मेसेज आला तर उत्तर द्या. खोलीचे भाडे आणि महिन्याचा किराणा खरा खरा सांगा. आमच्या वहीतले भाड्याचे आकडे अशाच एका अनोळखी मुलीने भरून दिले होते.

भाऊजी अजूनही दुकानात येणाऱ्याला सांगतात, "म्युनिकलाही झालं होतं हं तिचं." सांगू देत. घर त्यांच्याच नावावर आहे.