तिकीट खिडकीवरचा हक्क

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम शहराच्या जमिनीवर, शहराच्याच मालकीच्या इमारतीत आहे. बाहेरून येणाऱ्या प्रौढाला तिथे 30 डॉलर मोजावे लागतात. न्यूयॉर्क राज्याचा रहिवासी मात्र पत्त्याचा पुरावा दाखवून मनाला येईल तेवढे देतो; एक सेंट दिला तरी आत सोडतात. 2018 मध्ये बाहेरच्यांना सक्तीचे तिकीट लावले, पण स्थानिकांच्या या हक्काला हात लावला नाही. लंडनचे ब्रिटिश म्युझियम तर कायमस्वरूपी दालनांसाठी कुणाकडूनच पैसे घेत नाही. अमरावती स्तूपाचे शिल्पपट तिथे आहेत. म्हणजे तथागतांचा वारसा लंडनकराला फुकट!

आणि मुंबईत? मीरपूरखासच्या स्तूपातल्या मातीच्या बुद्धमूर्ती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. रमाबाई नगरातल्या पाच जणांच्या कुटुंबाने तिकीट, लोकल आणि वडापाव यांचा हिशोब मांडला की नाक्यावरची अर्धीअधिक मजुरी तिथेच संपते. मग मूर्ती बघायची कुणी?

1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये सार्वजनिक जागांबाबत हेच तत्त्व आले. आम्हाला ठाऊक आहे, अनुच्छेद 15 जातीवरून अडवायला मनाई करतो, तिकीट लावायला नाही. तिकीट जात विचारत नाही, खिसा विचारते. पण या देशात रिकामे खिसे कोणत्या वस्त्यांत जास्त आहेत, हे आम्ही कुणाला सांगायला हवे का?

"संग्रहालये चालवायला पैसा लागतो," असे सांगतात. लागतोच. घारापुरीला पुरातत्त्व खाते भारतीयाकडून 40 आणि परदेशी पाहुण्याकडून 600 रुपये घेते. माणूस कुठला यावरून दर ठरवणे सरकारला मान्यच आहे. मग भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, जे महापालिकेचे आहे, ते मुंबईकराला फुकट का नसावे?

मात्र न्यूयॉर्कची नक्कल जशीच्या तशी नको. आपल्याकडे पत्त्याचा पुरावा हाच दुसरा दरवाजा होतो. फुटपाथवरचा माणूस, झोपडी पाडलेले कुटुंब, ऊसतोडीहून परतलेले भाडेकरू कोणता कागद दाखवणार? ज्यांच्यासाठी सवलत मागायची तेच बाहेर आणि कफ परेडचे वीजबिल आत! म्हणून आमची मागणी अशी: आठवड्यातला एक दिवस सर्वांना मोफत, कुणाकडेही कागद न मागता. फलक मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत. आणि चप्पल बघून हटकणारा सुरक्षारक्षक नको; आपली बरीच माणसे तिकिटाआधी त्याच्याच नजरेने परततात.

तो दिवस रविवारच हवा. मंगळवारी दार उघडे ठेवून "लोकच येत नाहीत" असा अहवाल लिहिणे फार सोपे असते.