ईदचं ताक

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या घरात दोन वाद रंगतात. चाँद एकोणतिसाव्या रोजाला दिसणार की तीस पूर्ण होणार, हा पहिला. तो सगळ्यांच्याच घरी असतो. दुसरा खास आमचा : यंदा ईदगाहवरून परतायचं कोणत्या रस्त्याने?

प्रेषित मुहम्मद (स.) ईदच्या नमाजला एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परत येत, अशी हदीस बुखारीत आहे. ईदुल फित्रला निघण्याआधी खजूर खावेत, तेही विषम संख्येत, हेही तिथेच. आमच्या दादीने ही दोन्ही कलमं फारच मनावर घेतली होती. उंबऱ्यात बसून ती प्रत्येकाचे खजूर मोजायची. चौथा तोंडात टाकताना सापडलात, तर पाचवा खाल्ल्याशिवाय सुटका नाही. धाकटे चाचा मुद्दाम अकरापर्यंत जायचे आणि वर ओरडून विचारायचे, “अम्मी, ताक है ना?”

उर्दूत ताक म्हणजे विषम. पण वाड्यात आमची आणि देशस्थ काकूंची भिंत एकच. त्यांनी एका ईदला हे ऐकलं आणि ‘पोरांना सकाळीच ताक हवंय’ असं समजून तांब्या भरून आणून दिला. चाचांनी खजुरांवर ताक प्यायलं, बिचारे काय करणार! दादी पदर तोंडाला लावून इतकी हसली की अब्बांना नमाजला उशीर होतोय म्हणून रागवावं लागलं. काकूंना अर्थ समजला तेव्हा त्या लाजल्या, पण पुढच्या ईदला पुन्हा तांब्या आला, या वेळी जिरं-मीठ घालून. शिरखुर्म्याआधी ताक पिणारं घर जिल्ह्यात आमचं एकच असावं.

रमजानच्या पानावर सब्र, जकात, फित्रा यांवर लिहायची रीत आहे. मीही लिहिलं आहे, पुढेही लिहीन. पण शांतता समितीच्या बैठकीत आम्ही एकमेकांना हार घालतो, फोटो निघतो, तिथे मी कुणाला असं हसताना पाहिलेलं नाही. एकमेकांच्या भाषेतली चूक ऐकू यायला भिंत एक लागते. आणि अशा भिंती आमच्या गावात पडत चालल्यात. जुने वाडे उतरतात, मग जो तो ‘आपल्या’ वस्तीत फ्लॅट बघतो. त्यात कुणाचा एकट्याचा दोष नाही, बिल्डरही भाव बघतो, आपणही बघतो. माझ्या वर्गातल्या मुलांना शेजारच्या धर्माचे सण बहुतेक मोबाइलच्या स्टेटसवरच भेटतात.

आमचा वाडाही गेल्या दिवाळीनंतर उतरला. काकू मुलाकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, आम्ही मोहल्ल्यात आलो. दादी तर केव्हाच गेली. यंदा सहरीला भावाने विषय काढला, नमाज झाली की मोटारसायकलवर पाच मिनिटांत घरी येऊ, अब्बांचे गुडघे दुखतात.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग काकूंना फोन लावला. परतीची वाट त्यांच्या बिल्डिंगवरून ठरली आहे, चालत. लिफ्ट आहे एवढं त्यांनी विचारून घेतलं. अंतर तीन किलोमीटर, म्हणजे ताकच आहे, असं त्यांचं म्हणणं.